तारेवरचा वेग कोणी ठरवावा?

कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसापुढे ‘वेग’ हा शब्द आला की त्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो : हा वेग कोणी ठरवला? जिन असो की माग, वेग वाढवणारा एक आणि त्या वेगाशी जुळवून घेणारे पुष्कळ, हा आमचा जुना अनुभव. शेतावर औषध फवारणाऱ्या ड्रोनच्या पोटातही हाच प्रश्न दडलेला आहे, असे आम्ही म्हटले तर आपणांस नवल वाटेल. पण त्याचा इतिहास आपल्या खामगावच्या वाटेनेच जातो.

१८७० साली जलंब-खामगाव हा आगगाडीचा फाटा सुरू झाला. त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईस येऊन लागली आणि वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या भावाशी बांधला गेला. त्या काळी एकाच तारेवर अनेक ठाणी जोडीत. कळ एकाने दाबावी, खटका सर्वांकडे वाजावा, आणि ज्याला पुकारले त्याने उत्तर द्यावे. अशा सामाईक तारेला ‘ऑम्निबस’, म्हणजे सर्वांसाठीची, असे नाव होते. यंत्रविद्येतला आजचा ‘बस’ हा शब्द याच घराण्यातला. या तारेवर पाठवणाऱ्याचा हात कितीही चपळ असला तरी घेणाऱ्याला जेवढे उतरवून घेता येई, तेवढाच वेग खरा.

तारेलाही स्वतःची मर्यादा असते. अटलांटिक महासागराखालून १८५८ साली पहिली तार टाकली, तेव्हा राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. लांब तार विजेचा साठा करते, त्यामुळे एक खूण दुसरीत मिसळते. हे विल्यम थॉमसन यांनी गणिताने दाखवले होते. तरीही व्हाइटहाउस या अधिकाऱ्याने दाब सुमारे २,००० व्होल्टपर्यंत चढवला आणि काही आठवड्यांतच तार मुकी झाली. पुढे १९०८ साली हिंदुस्थानातले तारखात्याचे कामगारही कामाच्या नव्या पाळ्यांविरुद्ध संपावर गेले. तारेची सहनशक्ती संपते तशी माणसाचीही संपते.

आता ड्रोनकडे वळू. त्याच्या मध्यभागी उड्डाण-नियंत्रक नावाची लहानशी पाटी असते. होकायंत्र, उपग्रहावरून ठिकाण सांगणारे यंत्र, मोटारींचे नियामक, ही सारी तिच्याशी बारीक तारांनी बोलतात. त्यांपैकी ‘आय-टू-सी’ ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली. तिचा मूळ वेग सेकंदाला १ लाख बिट. १९९२ साली तो ४ लाखांवर गेला. होकायंत्राची तार लांब असली आणि वेग चढवला, तर अटलांटिकचाच दोष इथे वीतभर तारेत उद्भवतो. मात्र या पद्धतीत एक मोठी सोय आहे. मंद यंत्राला वेळ हवा असेल तर ते ठोक्याची तार खाली धरून ठेवते, आणि मुख्य यंत्राला थांबावे लागते.

दुसरी पद्धत ‘कॅन’. बॉश कंपनीने ती मोटारगाड्यांसाठी १९८६ साली जाहीर केली. तिचा वेग सेकंदाला १० लाख बिट ठेवला तर तार सुमारे ४० मीटरच चालते. कारण एका बिटाच्या अवधीत खूण टोकाला जाऊन परत आली पाहिजे. आर्डूपायलट या खुल्या आज्ञावलीत हाच आकडा मुळात भरलेला असतो. तो बदलता येतो, पण तारेवरील प्रत्येक यंत्रात सारखाच भरावा लागतो. एकानेच निराळा वेग धरला तर सर्वांचे बोलणे बिघडते. बोलताना होणाऱ्या चुका हद्दीबाहेर गेल्या की ते यंत्र तारेवरून आपोआप बाजूला होते. ते मोटारीचे नियामक असेल आणि ड्रोन हवेत असेल, तर औषधाच्या टाकीसह तो खाली यावयाचा.

म्हणून यातले नियम साधे आहेत. वेग जमिनीवरच ठरवावा. तार आखूड ठेवावी, कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावावा. चुका दिसू लागल्या तर आधी तार व जोड तपासावे, आणि मग वेग उतरवून पाहावा.

केंद्र सरकारने २०२३ साली १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ज्या बाईच्या हाती ड्रोन दिला, तिला हे आकडे पाहण्याची मुभा आणि त्यांचा अर्थ उमगेल एवढे शिक्षण मिळाले पाहिजे. आकडे दुरुस्ती करणाऱ्याच्याच कुलपात राहिले, तर ड्रोन तिच्या नावावर असूनही ती दुसऱ्याच्या वेगावर राबणारी मजूरच राहील. सामाईक तारेवरचा वेग हा सर्वांचा करार आहे, आणि करार सही करणाऱ्याला वाचता आलाच पाहिजे.