नोम: रिकाम्या रकान्यातलं गाव

आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात कुणीतरी 'नाव टाकणे' असं लिहून ठेवलं होतं. नंतर बदलू म्हणून. बदललं कुणीच नाही, आणि काही पावत्या त्याच नावाने छापून गेल्या. अलास्कातल्या नोम गावाची गोष्ट कळल्यावर मला जरा धीर आला.

१८५०च्या सुमारास 'हेरल्ड' हे ब्रिटिश जहाज बेरिंग समुद्राच्या त्या किनाऱ्याचा नकाशा करत होतं. एका भूशिराला नाव नाही हे लक्षात आलं, तेव्हा त्यापुढे पेन्सिलने '? नेम' अशी खूण केली गेली. कच्चा नकाशा घाईघाईत इंग्लंडला गेला. त्या गडबडीत एका नक्कलकाराने प्रश्नचिन्हाला 'केप'चं आद्याक्षर समजून शाई फिरवली आणि 'नेम'मधला अस्पष्ट स्वर पुढे 'ओ' वाचला गेला. झालं 'केप नोम'. जॉर्ज डेव्हिडसन या अमेरिकी सर्वेक्षकाने चौकशी केल्यावर ब्रिटिश नौदलाकडूनच हा खुलासा आला, म्हणून तो मला सर्वांत भरवशाचा वाटतो. स्थानिकाला नाव विचारलं आणि तो 'माहीत नाही' म्हणाला, अशीही एक कथा आहे. पण तशी कथा जगात फार ठिकाणी सांगतात.

सप्टेंबर १८९८मध्ये भूशिराच्या पश्चिमेला अ‍ॅन्व्हिल क्रीकमध्ये सोनं सापडलं. शोधणारे तिघे 'नशीबवान स्वीडिश' म्हणून प्रसिद्ध झाले, त्यातला एक नॉर्वेचा असूनही. नावांच्या बाबतीत या गावाचं नशीबच तसं. पुढच्या वर्षी समुद्राच्या वाळूतच सोनं निघालं, आणि १९००च्या जनगणनेत इथे १२,४८८ माणसं मोजली गेली.

मधल्या काळात खाणवाल्यांनी मतदान करून गावाचं नाव 'अ‍ॅन्व्हिल सिटी' केलं होतं. वरच्या डोंगरावर ऐरणीसारखा खडक होता. आपल्याकडे 'ऐरणवाडी' झाली असती. पण टपाल खात्याने हरकत घेतली. युकॉन नदीवर 'अ‍ॅन्विक' नावाचं गाव आधीच होतं, पत्रांचा घोळ होईल! व्यापाऱ्यांनी नाइलाजाने माघार घेतली. लोकांनी निवडलेलं नाव गेलं आणि नकलेतली चूक राहिली.

किनारा मात्र रिकामा कधीच नव्हता. इनुपियाक लोक तिथे पिढ्यानपिढ्या सील मारत, मासे धरत होते, आणि १९००मध्ये गोवर व इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्या भागातल्या त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. आजच्या गावाच्या जागेला त्यांच्या भाषेत 'सितनासुआक' म्हणतात. १९७१च्या कायद्यानंतर नोमच्या मूळ रहिवाशांची जी कंपनी स्थापन झाली, तिचं नाव सितनासुआक आहे. तिच्या कार्यालयाच्या पत्त्यात मात्र नोमच लिहावं लागतं.