कंपनी बुडाली तर आधी पैसे कोणाचे? सरकारचा नंबर कुठं, शेतकऱ्याचा कुठं

वाशिम : सोयाबीन, तूर, हरभरा उधारीवर घेणारी एखादी कंपनी बंद पडली की गावात एकच चर्चा असते. "आधी सरकार टॅक्स वसूल करते, मंग बँक घेते, आपल्याले काय उरते?" यातलं अर्धं खरं आहे, अर्धं जुनं झालं आहे. शेवटचा भाग मात्र बहुतेक वेळा खराच ठरतो.

आधी एक फरक. ही माहिती फक्त कंपनीची आहे. नावापुढं प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड असेल तर ती कंपनी. शेतकरी उत्पादक कंपन्याही यातच येतात, हे अनेक सभासदांच्या ध्यानात नसतं. बाजार समितीतला एकट्याच्या नावावरचा अडत्या, भागीदारीतली फर्म किंवा गावची पतसंस्था यात येत नाही. पतसंस्थेला 1960 चा सहकार कायदा लागू होतो आणि तिथं अवसायक नेमायचं काम सहकार खात्याच्या निबंधकाकडं असतं.

सरकारचं देणं सगळ्यात आधी, ही समजूत उगाच आलेली नाही. 1868 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढं बॉम्बे लँडिंग अँड शिपिंग कंपनीचं प्रकरण आलं होतं. कंपनी गुंडाळली जात होती आणि इंग्रज सरकारचंही तिच्याकडं येणं होतं. कोर्टानं इंग्लंडच्या राजाचा नियम इथंही लावला, राजाचं देणं आधी आणि बाकी सावकार मागून. इंग्रज गेले, नियम राहिला. सुप्रीम कोर्टानं 1965 मध्ये बिल्डर्स सप्लाय कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितलं की तारण न घेतलेल्या देणेकऱ्यांपुढं सरकारी कराचा हक्क आधी चालतो. तारण घेतलेल्या बँकेपुढं मात्र सरकारचा हा जुना हक्क चालत नाही, हे 2000 सालच्या देना बँकेच्या निकालात स्पष्ट झालं.

खरा बदल 2016 च्या दिवाळखोरी संहितेनं केला. तिच्या कलम 53 मध्ये रांगच लावून दिली आहे. कंपनीची मालमत्ता विकून आलेल्या पैशातून पहिल्यांदा ती विकण्याचा, कारभार चालवण्याचा खर्च निघतो. मग कामगारांची मागच्या 24 महिन्यांची देणी आणि तारण असलेली बँक. हे दोघं एकाच पायरीवर, पैसे कमी पडले तर हिश्श्यानं वाटणी. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार, मग बिनतारण कर्ज देणारे. सरकार पाचव्या पायरीवर आहे, तेही फक्त मागच्या दोन वर्षांच्या देण्यासाठी. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा पैसा या रांगेत धरतच नाहीत, तो वेगळा राहतो.

उधारीवर माल देणारा शेतकरी सहाव्या पायरीवर. म्हणजे सरकार खाली आलं, पण शेतकऱ्याच्या खाली नाही. सरकारचं दोन वर्षांपेक्षा जुनं देणंही याच सहाव्या पायरीत शेतकऱ्याच्या शेजारी येऊन बसतं. त्याखाली फक्त शेअरवाले.

हिशेब करून पाहा. समजा कंपनीची जागा, मशिनरी 10 कोटीला गेली. खर्चाचे 50 लाख, बँक आणि कामगारांचे मिळून 9 कोटी, कर्मचाऱ्यांचे 20 लाख गेले. बिनतारण कर्ज कोणाचंच नव्हतं असं धरू. उरले 30 लाख. जीएसटीची थकबाकी 1 कोटी असेल तर ते सगळे 30 लाख सरकारकडं जातात, तरी सरकारचे 70 लाख बुडतातच. सोयाबीनवाल्याच्या हाती शून्य.

सरकारनंही वर चढायचा प्रयत्न सोडलेला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये रेनबो पेपर्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या व्हॅट कायद्यातल्या बोजाच्या तरतुदीमुळं तिथल्या सरकारला तारणवाल्या देणेकऱ्याच्या रांगेत बसवलं. जुलै 2023 मध्ये त्याच कोर्टानं रमण इस्पातच्या प्रकरणात तो निकाल त्या प्रकरणापुरता धरला. बँक स्वतः तारण विकते तेव्हाचा नियम आपल्या राज्यात जळगाव जनता सहकारी बँकेच्या खटल्यात ठरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ऑगस्ट 2022 मध्ये सांगितलं की बँकेनं तारणाची केंद्रीय नोंदणी केलेली असेल तर विक्रीकर खात्याच्या आधी बँक. या भांडणात कोणीही जिंको, उधारीवाला मागंच राहतो.

दावा कसा करायचा

कंपनीविरुद्ध अर्ज करायला थकबाकी किमान 1 कोटी लागते, 24 मार्च 2020 पासून ही मर्यादा आहे. त्यामुळं दोन-चार लाखवाला शेतकरी एकट्यानं प्रकरण सुरू करू शकत नाही. पण दुसऱ्या कोणी ते सुरू केलं तर आपला दावा टाकता येतो, रक्कम कितीही लहान असली तरी. महाराष्ट्रातल्या कंपन्यांची प्रकरणं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढं चालतात.

नोटीस एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेच्या पेपरात येते, दिवाळखोरी मंडळाच्या वेबसाइटवरही दिसते. कंपनी गुंडाळायचा आदेश झाला की दाव्यासाठी 30 दिवस असतात. सोबत काटापट्टी, बिल, बँक पासबुकातल्या नोंदी लागतात. नुसत्या डायरीतल्या आकड्यावर दावा टिकणं अवघड.

शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदाची गत आणखी वेगळी. त्यानं कंपनीला दिलेल्या मालाचे पैसे सहाव्या पायरीवर, पण शेअरची रक्कम अगदी शेवटच्या पायरीवर. म्हणून मालाचा दावा करताना त्यात शेअरची रक्कम मिसळू नये, मालाचा हिशेब वेगळा मांडावा.