विसर्जनानंतरची पहाट

२९ सप्टेंबर १९९३ ही अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावांनी वाजतगाजत बाप्पांना निरोप दिला आणि मंडळी दमून झोपी गेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. दरवर्षी विसर्जनाहून परतताना ही आठवण ज्यांच्या मनात येते, असे मराठवाड्याचे काहीजण आपल्यातही आहेत.

माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे तर ती भिंतींखाली मेली. त्या भागातली घरे माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, चुन्या-सिमेंटऐवजी माती आणि वर उन्हाचा ताप अडवणारा मातीचा जाड थर. भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण आत दगडांचे दोन वेगळे पदर आणि मधे भर. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड क्वचितच. धक्का बसताच पदर सुटले, दगड ढासळले आणि छपराची माती झोपलेल्यांवर आली.

यावर उपाय ठाऊक नव्हता का? होता. भारतीय मानक संस्थेने भूकंपाचा विचार करणारे आय. एस. १८९३ हे मानक १९६२ सालीच काढले होते. १९६७ मध्ये भूकंपरोधक बांधकामाचे आय. एस. ४३२६ आले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला आणि दख्खनचे पठार स्थिर आहे हा समज डळमळला. १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिताही आली. पण नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. शिवाय संहिता ही मुळात शिफारस. राज्य शासन किंवा नगरपालिका आपल्या नियमांत ती घेते तेव्हाच तिला कायद्याचे बळ येते. खेड्यातल्या गवंड्यापर्यंत ती पोचलीच नव्हती.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. त्या नकाशात आपले बेंगळुरूही किल्लारीच्याच, म्हणजे पहिल्या विभागात होते!

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी भूजचा भूकंप झाला. केंद्रापासून दूर असलेल्या अहमदाबादेतही, खाली मोकळे पार्किंग आणि वर मजले अशा कितीतरी इमारती कोसळल्या. २००२ साली मानक सुधारले आणि नकाशातून पहिला विभागच काढून टाकला. किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला, बेंगळुरू दुसऱ्यात. म्हणजे ‘इथे काळजी नको’ असे सांगणारा रंगच देशाच्या नकाशावरून गेला. राष्ट्रीय संहिताही २००५ व २०१६ साली नव्याने लिहिली गेली.

मंडळी, ही सुधारणा किल्लारी आणि भूजच्या माणसांनी आपल्या प्राणांनी लिहिली आहे. आज आपण शिवाजीनगरात जुन्या घरावर मजला चढवतो, किंवा शहराबाहेर कर्ज काढून फ्लॅट घेतो. तेव्हा फरशीचा रंग चार वेळा बघतो. त्याच वेळी बिल्डरला एवढे तरी विचारू या: आराखडा आय. एस. १८९३ प्रमाणे केला आहे का? खालच्या पार्किंगच्या खांबांचा वेगळा विचार झाला आहे का? जुन्या भिंतींना नवा मजला पेलेल असे इंजिनिअरने लिहून दिले आहे का? उत्तर टाळले तर तेही एक उत्तरच समजावे.

घराच्या पायाभरणीला आपण प्रथम गणेशपूजन करतो, ते विघ्न टळावे म्हणून. पूजा झाल्यावर त्याच पायातली सळई मोजून बघणे, हाही त्या पूजेचाच भाग आहे.

गणपती बाप्पा मोरया!