डाव्या हातातील आयुध : ढालीचे अर्थ आणि उपयोग

बीजसंज्ञा : ढाल, खेटक, फरी, संरक्षक आयुधे, मराठा लष्करी परंपरा

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासात तलवारीला जे स्थान मिळाले आहे, ते ढालीला कधीच मिळाले नाही. भवानी, तुळजा, जगदंबा ही तलवारींची नावे शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात. कोणती तलवार कोठे आहे, यावर वर्तमानपत्रांतून वाद झडतात. परंतु छत्रपतींच्या एखाद्या ढालीचे नाव विचारले तर उत्तर मिळत नाही. प्रहार करणारे आयुध व्यक्तिमत्त्व धारण करते आणि प्रहार झेलणारे आयुध अनामिक राहते, हा आपल्या इतिहासलेखनाचाच एक पूर्वग्रह आहे. प्रस्तुत लेखात ढालीच्या घडणीचा, तिच्या प्रत्यक्ष वापराचा आणि त्या वापरातून मराठी भाषेत शिल्लक राहिलेल्या अर्थांचा विचार केला आहे. ढालीचा इतिहास हा वस्तुतः योद्ध्याच्या डाव्या हाताचा इतिहास आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

प्राचीन साधनांतील ढाल

संस्कृतात ढालीला चर्म, फलक, खेटक अशी नावे आहेत. यांपैकी ‘चर्म’ हा शब्द विशेष बोलका आहे. ज्या पदार्थाची ढाल बनत असे, त्या पदार्थाचेच नाव वस्तूला मिळाले. अमरकोशात ढालीच्या पर्यायांबरोबर तिच्या मुठीसाठी ‘संग्राह’ असा स्वतंत्र शब्द नोंदविलेला आहे. मुठीला स्वतंत्र नाव द्यावेसे वाटणे, ही गोष्ट वापरणाऱ्याच्या अनुभवातून आलेली दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात पेटी, चर्म, हस्तिकर्ण, तालमूल, कपाट, किटिका इत्यादी आवरणांची यादी येते. त्याच ठिकाणी गेंडा, हत्ती, गाय आदी प्राण्यांची कातडी, खूर व शिंगे यांपासून चिलखते तयार करण्याचाही उल्लेख आहे. संरक्षक साहित्याचा साठा हा राज्याच्या नियमित जबाबदारीचा भाग होता, हे यावरून स्पष्ट होते.

अलेक्झांडरचा सेनानी निआर्कस याच्या आधारे एरियनने भारतीय पायदळाचे जे वर्णन केले आहे, त्यात कच्च्या कातड्याच्या, सैनिकापेक्षा रुंदीने कमी परंतु उंचीने जवळजवळ त्याच्याएवढ्या ढालींचा उल्लेख येतो. घोडेस्वारांच्या ढाली त्याहून लहान असत, असेही तो नमूद करतो. अंगाएवढ्या ढालीपासून हातभर रुंदीच्या गोल ढालीपर्यंतचा पुढील प्रवास समजून घेण्यासाठी पायदळ व घोडदळ यांतील हा फरक लक्षात ठेवावा लागतो. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर अजिंठ्याच्या चित्रांतील शिपायांच्या हाती ढाली आहेत. गावोगावच्या वीरगळांवर तळच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर कोरलेला आढळतो. महिषासुरमर्दिनीच्या मूर्तीत तर खड्ग आणि खेटक ही जोडीच ठरलेली आहे.

घडण आणि पकड

मध्ययुगातील भारतीय ढाल प्रामुख्याने गोल, मध्यभागी किंचित फुगीर आणि साधारणतः एक ते दोन फूट व्यासाची असे. सामान्य शिपायाची ढाल म्हशीच्या वा तत्सम जाड कातड्याची. श्रीमंत सरदाराची ढाल गेंड्याच्या कातड्याची अथवा पोलादाची, त्यावर सोन्याचे कोफ्तगरी काम केलेली. गेंड्याच्या कातड्याला रोगण देऊन इतके घासत की उजेडात धरल्यास ते मधासारखे पारदर्शक भासे. ‘गेंड्याची कातडी’ हा शब्दप्रयोग आज आपण निर्ढावलेल्या माणसासाठी योजतो; ढाल वापरणाऱ्याच्या लेखी मात्र तो मालाच्या उत्तम प्रतीचा दाखला होता.

ढालीच्या दर्शनी भागावर बहुधा चार फुले असतात. वस्तुसंग्रहालयातील प्रेक्षक त्यांना नक्षी समजतात. वास्तविक आतील बाजूच्या कड्या घट्ट बसविण्यासाठी जे खिळे ठोकलेले असतात, त्यांची ती टोपणे होत. आतील कड्यांना दोन मुठी जोडलेल्या असतात आणि त्या दोन्ही एकाच पंज्यात धरावयाच्या असतात. बोटांची पेरे ढालीवर आदळू नयेत म्हणून मध्ये लहानशी गादी असते. युरोपातील मोठ्या ढालींप्रमाणे ही ढाल कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेली नसते. त्यामुळे मनगटाच्या हालचालीने ती फिरविता येते, तिने वार बाजूला सारता येतो, प्रसंगी तिनेच ठोसा मारता येतो, आणि नको असेल तेव्हा ती पाठीवर टाकता येते. घोडेस्वाराच्या दृष्टीने हे अत्यावश्यकच होते, कारण लगामही त्याच डाव्या हातात असे. मराठ्यांची लष्करी शक्ती घोडदळावर उभी राहिल्यामुळे लहान, हलकी, गोल ढाल येथे रूढ झाली, यात नवल नाही.

संरक्षण व आक्रमण यांची सीमारेषा येथे पुसट होते. ‘माडू’ नावाच्या आयुधात काळविटाची दोन शिंगे विरुद्ध दिशांना टोके करून जोडलेली असतात आणि त्यांच्या मध्ये लहानशी ढाल असते. तिला शस्त्र म्हणावे की ढाल, हा प्रश्न वर्गीकरण करणाऱ्याचा आहे, वापरणाऱ्याचा नव्हे.

एक सामाजिक बाब येथे नोंदविणे आवश्यक वाटते. ज्या चामड्याला स्पर्श करणाऱ्या समाजाला गावकुसाशी ठेवले गेले, तेच चामडे क्षत्रियत्वाचा अभिमान बाळगणारा योद्धा छातीशी धरून रणात उभा राहत होता. खंडेनवमीला तेच चामडे गंधफुलांनी पुजले जात होते. कातडे कमावणाऱ्या हातांची नावे मात्र कोणत्याही बखरीने जपली नाहीत. ढालीच्या अनामिकतेचे हे एक कारण असू शकेल काय, याचा विचार व्हावा.

सिंहगडावरील तुटलेली ढाल

मराठी साधनांत ढालीचा सर्वांत अर्थपूर्ण उल्लेख कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत येतो. 1670 मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसरे आणि उदेभान यांची गाठ पडली. तानाजीच्या डाव्या हातातील ढाल तुटली. दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्याने आपल्या डाव्या हाताचीच ढाल केली, त्यावर शत्रूचे वार घेतले, आणि अखेर दोघेही ठार झाले, असा तो वृत्तान्त आहे. लोकपरंपरेने पुढे त्यात हाताला शेला गुंडाळल्याचा तपशील घातला. सभासद मात्र एवढ्यावरच थांबतो.

या प्रसंगाचे वर्णन शौर्यकथा म्हणून असंख्य वेळा झाले आहे. त्यातील वस्तुनिष्ठ माहितीकडे क्वचितच लक्ष दिले जाते. ढाल लढाईत तुटत असे. ती खर्ची पडणारी वस्तू होती. राखीव ढाल पुरविली जाणे अपेक्षित होते, म्हणूनच ती न मिळाल्याचा उल्लेख बखरकाराला करावासा वाटला. ढालीशिवाय तलवारबाज किती काळ टिकेल, याचे उत्तरही तेथेच आहे. त्याशिवाय भाषेच्या दृष्टीने पाहता, ‘हाताची ढाल करणे’ हा प्रयोग येथे अलंकार म्हणून येत नाही. तो शब्दशः खरा आहे. अलंकार नंतर झाला.

डावा हात कोणी घेतला?

बंदुकीच्या गोळीने ढाल भेदली आणि म्हणून ढाल कालबाह्य झाली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. बंदुका आल्यानंतरही दीर्घकाळ ढाल टिकून होती, कारण गोळीबारानंतर हातघाईची वेळ येतच असे. ढाल खऱ्या अर्थाने निरुपयोगी झाली ती कवायती पायदळामुळे. संगीन लावलेली बंदूक भरावयास, रोखावयास व खुपसावयास दोन्ही हात लागतात. पानिपतावर 1761 मध्ये इब्राहिमखान गारद्याची पलटणे लढली, 1784 नंतर महादजी शिंद्यांनी द बॉयन्याकडून पलटणे उभी केली. त्या शिपायाच्या डाव्या हाताला आता दुसरेच काम होते. 1803 च्या असईच्या लढाईत दोन्ही बाजूंची कवायती पलटणे समोरासमोर आली तेव्हा ढाल ही प्रामुख्याने घोडेस्वाराची व सरदाराच्या इभ्रतीची वस्तू उरली होती.

1857 नंतर निःशस्त्रीकरणाने उरलेले काम पूर्ण केले. 1878 च्या शस्त्रविषयक कायद्याची व्याख्या या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तीत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण यांची नावे आहेत, ढालीचे नाही. तिच्यावर स्वतंत्र बंदी घालण्याची गरजच नव्हती. तलवार गेल्यावर ढाल घरात राहून काय करणार? दोनच वर्षांनी, 1880 मध्ये, एगर्टनने भारतीय शस्त्रांची सचित्र सूची लंडनहून प्रसिद्ध केली. एतद्देशीयांच्या हातातून गेलेली आयुधे परदेशी संग्रहालयाच्या क्रमांकांखाली स्थिरावली, हा कालक्रम योगायोगाचा मानता येत नाही.

उरलेले उपयोग

मर्दानी खेळांतील फरी-गदगा या प्रकारात ‘फरी’ म्हणजे कातड्याची लहान ढाल. ढालीच्या प्रत्यक्ष वापराचे शिक्षण या खेळाने जिवंत ठेवले. पोलीस दलात वेताची ढाल दीर्घकाळ वापरात राहिली आणि नंतर तिच्या जोडीला पारदर्शक प्लास्टिकची ढाल आली. जमावाचा दगड आणि गोळी यांत फरक असल्याने येथे ढालीला पुन्हा काम मिळाले, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांतील ‘फिरती ढाल’ ही मात्र वेगळ्या वंशाची. खाली निमुळती होणारी तिची आकृती युरोपीय कुलचिन्हांतून इंग्रजी शाळांमार्फत आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत सुरू झालेल्या हॅरिस शील्डसारख्या स्पर्धांनी ती रुजविली. तिला मूठ नाही. ती धरावयाची नसून टांगावयाची आहे. विजेत्याला ढाल का द्यावी, असा प्रश्न पारितोषिक वितरणात कोणी विचारल्याचे स्मरत नाही.

‘मानवी ढाल’ हा विसाव्या शतकातील युद्धांनी रूढ केलेला शब्द याच्या नेमका उलट टोकाला आहे. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने आणि 1977 च्या पूरक मसुद्याने नागरिकांचा असा वापर निषिद्ध ठरविला. तानाजीने स्वतःच्या हाताची ढाल केली होती. येथे दुसऱ्याच्या देहाची केली जाते, तीही त्याच्या संमतीवाचून. शब्द तोच राहून कर्ता बदलला की अर्थ किती दूर जातो, याचे हे विदारक उदाहरण आहे.

ढाल म्हणजे निशाण

मराठीत ‘ढाल’ या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे : सैन्यापुढे चालणारे मोठे निशाण. निशाणाची काठी ती ‘ढालकाठी’, निशाणाचा हत्ती तो ‘ढालगज’. ढाल बाळगणारा शिपाई तो ‘ढालाईत’, आणि हे आडनाव आजही प्रचलित आहे. अंग झाकणारी वस्तू आणि दुरून दिसावी म्हणून उंच धरलेली वस्तू यांना एकच शब्द असावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु दोन्ही माणसाच्या पुढे असतात आणि पहिला वार दोन्हींकडे येतो. निशाण पडले की फौजेचा धीर सुटे. ढालगजाचे स्थान सन्मानाचे होते तितकेच धोक्याचेही.

याच सन्मानाच्या शब्दातून ‘ढालगज भवानी’ हा वाक्प्रचार आला. पुढे पुढे करणारी, कोणाला न जुमानणारी स्त्री, असा त्याचा हेटाळणीचा अर्थ आहे. जो प्राणी फौजेच्या अग्रभागी निशाण घेऊन चालतो, त्याचे नाव आणि जी देवता एका हाती खड्ग व दुसऱ्या हाती खेटक धरते, तिचे नाव, ही दोन्ही एकत्र करून मराठी समाजाने पुढाकार घेणाऱ्या बाईसाठी शिवी तयार केली. पुरुषाला त्याच कृतीसाठी ‘अग्रणी’ म्हटले जाते. कोशकारांनी अर्थ नोंदविला. त्या अर्थामागील समाजरचनेचा अभ्यास अद्याप पुरेसा झालेला नाही. दरम्यान कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांतून आता मुलीही उजव्या हातात गदगा आणि डाव्या हातात फरी घेऊन उतरतात.