मॅट्रिकचा निरोप

मराठी माणूस घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून कुणी ‘जातो’ म्हटलेच, तर माजघरातून लगेच आवाज येतो, “अरे, येतो म्हणावं!” अशा या मुलखात निरोपाचा म्हणून एक खास समारंभ करायचा, त्यासाठी माणशी वर्गणी काढायची, शिऱ्यात बेदाणे घालायचे की नाहीत यावर दोन तास खल करायचा, आणि शेवटी भाषणाला उभे राहिल्यावर पाठ केलेले सारे विसरून रुमाल शोधायचा, हा प्रकार आला तरी कुठून? गावोगावच्या हायस्कुलांत दर वर्षी माघ-फाल्गुनाच्या सुमाराला शेवटच्या वर्गाचा निरोप समारंभ होतो. वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशीचा चिवडा खाल्लेला असेल. त्या चिवड्यामागचा इतिहास मात्र कुणी फारसा सांगत नाही.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली १८५९ मध्ये. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच तुकडीतले. ही दोन्ही मुले मूळची मुंबईची नव्हेत. रानडे कोल्हापुराकडून आलेले, भांडारकर रत्नागिरीकडून. त्या काळी तालुक्याच्या गावी हायस्कूल म्हणून काही नव्हतेच. पुढे शिकायचे असेल तर गाव सोडायचे, हा नियम होता. त्यामुळे आपल्याकडचा पहिला निरोप शाळेने दिलेला नाही, तो घराने दिलेला आहे. हातावर दही, फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि वेशीपर्यंत आलेली आई, एवढाच तो समारंभ.

धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या आत्मचरित्रात अशा एका प्रवासाची हकीगत सांगितली आहे. साल १८७५. कोकणातल्या मुरूडची काही मुले मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाली, तीही पायी. सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांची ती चाल होती. पाय सुजवून साताऱ्याला पोहोचल्यावर परीक्षेच्या साहेबांनी या बारक्या मुलाकडे पाहिले आणि सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही! आल्या वाटेने परत. दुसऱ्या वर्षी कोल्हापुराहून ती परीक्षा त्यांनी दिली आणि मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडले. ज्या माणसाने पुढे हजारो मुलींना परीक्षेच्या दारापर्यंत नेले, त्याला स्वतःला पहिल्यांदा दारातूनच परत पाठवले होते. शतायुषी झालेल्या कर्व्यांना उंची कमी पडल्याचे सोडून इतर कशाची उणीव पडली असेल असे वाटत नाही.

त्याच पिढीतले गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, पण मॅट्रिक झाले ते पार वऱ्हाडात, अकोल्याला. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या शिक्षणासाठी वडील भावाने आपल्या पंधरा रुपयांच्या पगारातले आठ रुपये दरमहा कोल्हापूरला पाठवले. मॅट्रिक हा शब्द तेव्हा एका मुलाचा नव्हताच. तो साऱ्या घराच्या पोटाला काढलेला चिमटा होता.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आली, आणि सरकारी नसलेली, लोकांच्या वर्गणीवर चालणारी हायस्कुले हळूहळू लहान गावांत उतरू लागली. मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. या वर्गाचा थाट निराळा. बाके मागच्या भिंतीला टेकलेली, एखाद्याच्या ओठावर मिसरूड, एखाद्याचे लग्नही झालेले. मास्तरसुद्धा या वर्गात छडी घेऊन जात नसत, निदान ती दाराबाहेर ठेवत. अशा पोक्त मंडळींना नुसते ‘जा’ म्हणून कसे घालवायचे? कॉलेजांतून सुरू झालेले स्नेहसंमेलन तोवर शाळांत शिरले होतेच. त्यातूनच निरोप समारंभाला बाळसे आले, आणि त्याबरोबर आले शेलापागोटे.

या शब्दाची गंमत पाहा. शेला आणि पागोटे ही खरोखरीच्या मानाची वस्त्रे. शाहिराने फड जिंकला, शास्त्र्याने वाद जिंकला, की दरबारातून त्याला ही मिळायची. लग्नकार्यात ती आजही देतात. मग एखाद्याचे व्यंग चार लोकांत उघडे करणाऱ्या चिठ्ठीला हे नाव का पडावे? माझ्या मते याचे उत्तर दुसऱ्या एका शब्दात आहे, तो म्हणजे ‘शालजोडीतला’. जोडा मारायचाच, पण शालीत गुंडाळून. ज्या समाजाने शिमग्यात वर्षातून एकदा बोंब मारायची मोकळीक धर्माच्याच नावाने दिली, त्याला शाळेतही एक दिवस अशी मोकळीक हवीशी वाटली तर नवल नाही. याच चिठ्ठ्यांना कॉलेजात ‘फिशपाँड’ म्हणू लागले. विलायतेत धर्मादाय जत्रांतून पडद्याआड ‘तळे’ मांडतात, मुले गळ टाकतात आणि गळाला खेळणे लागते. आपल्याकडे तळे राहिले, गळ राहिला, खेळण्याच्या जागी टोमणा आला. तो फुकट पडतो, हे त्याचे मुख्य कारण असावे.

आमच्याकडे जुन्या हस्तलिखित अंकांचा एक गठ्ठा आहे. त्यात कुणीतरी निरोपाच्या दिवशीची शेलापागोटी नेटक्या अक्षरात उतरून ठेवली आहेत. रोज शेजाऱ्याच्या दौतीत टाक बुडवणाऱ्याला ‘स्वदेशी लेखणी, परदेशी शाई’. दर तासाला पाणी प्यायला जाणाऱ्याला ‘पाटबंधारे खात्याचे सल्लागार’. वर्गात मुलांपेक्षा करड्या आवाजात हजेरी घेणाऱ्या एका मुलीला ‘मामलेदारीणबाई’. गणिताच्या मास्तरांना ‘उरलेले घरी करा’. आणि ज्यांच्या बुटांची करकर ऐकून तिन्ही वर्ग चिडीचूप होत, त्या हेडमास्तरांना फक्त एवढेच: ‘पुढे वळण आहे, सावकाश हाका’. हे शेवटचे कुणी लिहिले याचा तपास त्या वेळी तीन दिवस चालला होता म्हणे. मास्तरांनीच तो थांबवला.

पण या हसण्याच्या खाली काय होते, ते सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

निरोप समारंभ होई तो चाचणी परीक्षेनंतर. या चाचणीवर ठरायचे की कुणाचा मॅट्रिकचा फॉर्म पाठवायचा आणि कुणाचा अडवायचा. शाळेचा निकाल वर्तमानपत्रात चांगला दिसावा, सरकारी ग्रँटला आणि गावच्या देणगीला धक्का लागू नये, म्हणून कच्च्या मुलांचे फॉर्म अडवण्याची चाल कितीतरी शाळांत होती. चाळीस मुलांचा वर्ग असला तर फॉर्म जायचे अठ्ठावीसांचे. उरलेल्या बारांनी वर्गणी तर आधीच भरलेली! ती बारा मुले समारंभाला येत, मागच्या भिंतीला टेकून उभी राहत, शेलापागोट्यांना सर्वांहून मोठ्याने हसत. निरोप इतरांना होता. त्यांना तो धड मिळतही नव्हता आणि चुकतही नव्हता. पुढच्या वर्षी फीचे पैसे जमले तर पुन्हा त्याच बाकावर, नाही जमले तर वडिलांच्या दुकानात किंवा बैलामागे. आपल्या विनोदी वाङ्मयात मॅट्रिकनापास हा हुकमी मासला होऊन बसला. त्याला आपण पोट धरून हसलो. ज्याचा फॉर्मच गेला नाही, त्याला नापास होण्याचा मानही मिळाला नाही, त्याच्यावर मात्र कुणी कथा लिहिलेली मला आठवत नाही. एक मास्तर म्हणून सांगतो, शाळेच्या टक्केवारीसाठी मूल अडवणे यासारखी दुसरी लाचारी आमच्या धंद्यात नाही.

मुलींचे आणखी वेगळे. विद्यापीठाने १८८३ साली स्त्रियांना परीक्षा खुल्या केल्या, दुसऱ्याच वर्षी पुण्यात हुजूरपागा निघाली. पण लहान गावच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गात पुढे कितीतरी वर्षे मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. त्यातल्या एखादीचे नाव समारंभात पुकारावे आणि कळावे की गेल्याच आठवड्यात तिची सुपारी फुटली. तिच्या वाट्याचे शेलापागोटे मग कुणी वाचत नसे. इतकी समज त्या द्वाड पोरांनाही होती.

आणि काहींच्या बाबतीत शाळेने निरोप दिला की नाही हा प्रश्नच फिजूल ठरतो, कारण समारंभ शाळेबाहेर झाला. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. मार्क साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी. आजचा पालक हा आकडा ऐकून शिकवणी लावायला धावेल! पण अस्पृश्य मानलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक झाला, ही गोष्ट एवढी मोठी होती की त्याच्या सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक त्या सभेला हजर होते. त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. १९५६ साली नागपूरला जे घडले त्याचा एक धागा या सभेपर्यंत येऊन पोहोचतो. मॅट्रिकच्या मुलाला भेट म्हणून काय द्यावे, फाउंटन पेन की पुस्तक, असा वाद आमच्या शिक्षकांच्या खोलीत अजून निघतो. तेव्हा मी केळुसकरांचे नाव घेऊन स्वस्थ बसतो.

लहान गावच्या हायस्कुलांचे भाग्य असे की तिथे कधी कधी फार मोठी माणसे मास्तर म्हणून येत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते. तिथल्या छात्रालयात ते मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत. शिरोड्याला वि. स. खांडेकर १९२० साली आले आणि १९३८ पर्यंत राहिले. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या त्या आडगावच्या शाळामास्तराने लिहिल्या. खारफुटी आणि मिठागरांच्या त्या गावात १९३० साली मिठाचा सत्याग्रहही झाला. अशा शाळेतून बाहेर पडणारी मुले काय घेऊन बाहेर पडली असतील! सर्टिफिकिटावर त्याची नोंद नसते.

जिथे अशी माणसेही नव्हती आणि शाळाही नव्हत्या, तिथे त्या नेण्याचे काम भाऊराव पाटलांनी केले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था, १९४० साली साताऱ्याला महाराजा सयाजीरावांच्या नावाचे फुकट आणि निवासी हायस्कूल. फी नाही, म्हणजे फीपायी अडणारे मूल नाही.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाकडून निघाली. १९४८ च्या कायद्याने बोर्ड झाले आणि १९४९ पासून एस.एस.सी. सुरू झाली. लोक मात्र मॅट्रिकच म्हणत राहिले. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि थोड्याच वर्षांत परीक्षेच्या केंद्रावर बैलगाडीने जाणे संपले. वळकटी, पत्र्याची ट्रंक, लाडवांचा डबा आणि देवीचा अंगारा घेऊन अख्खा वर्ग एस.टी.च्या टपाखाली कोंबला जाई. निरोपाचे खरे रडे समारंभात नसे, ते स्टँडवर असे.

त्याच काळात वर्गाचा फोटो अपरिहार्य झाला. तालुक्याहून फोटोग्राफर येई, काळ्या कापडात डोके घाली. हेडमास्तर मधोमध, दोन्ही बाजूंना शिक्षक, पुढे सतरंजीवर मुली, मागे बाकांवर उभी मुले. नेमका त्याच क्षणी एक जण डोळे मिटी. त्याला पुढची पन्नास वर्षे घरात त्यावरून ऐकावे लागे. वर्गणीतून उरलेल्या पैशांत शाळेला भेट द्यायची: भिंतीवरचे घड्याळ, पृथ्वीचा गोल नाहीतर सरस्वतीची तसबीर. घड्याळ देण्याची प्रथा सर्वात उशिरा येणाऱ्या मुलांनी पाडली, असे आमच्या शिपायाचे मत आहे.

१९७५ मध्ये दहावीची नवी परीक्षा आली आणि अकरावीची जुनी मॅट्रिक मागे पडली. एक वर्ष कमी झाले, निरोप एक वर्ष अलीकडे आला, मिसरूड असलेली मुले वर्गातून नाहीशी झाली. शिरा गेला, सामोसा आला. बाकी भाषणे होती तशीच.

मग २०२० साली साथ आली. भूगोलाचा शेवटचा पेपर झालाच नाही. २०२१ साली तर परीक्षाच रद्द झाली आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. पावणेदोनशे वर्षांपूर्वी साहेबाने मुरूडच्या मुलाला दारातून परतवले होते, असे म्हणायला तेव्हा तीसएक वर्षे कमी होती. पण परीक्षेने स्वतःच दारातून परत जावे, असे त्या आधी कधी झाले नव्हते. त्या वर्षी आमच्याकडे ना समारंभ झाला, ना फोटो. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला मुले एकेक करून आली. व्हरांड्यात खडूने वर्तुळे आखलेली, प्रत्येक वर्तुळात एक तोंड बांधलेले मूल. एका मुलीने सही करून दाखला घेतला, घडी करून पिशवीत ठेवला, आणि दप्तरातून एक चिठ्ठी काढून मला म्हणाली, “सर, एवढं वाचलं तर चालेल का?” सबंध वर्गासाठी तिने एकच शेलापागोटे लिहिले होते: ‘पेपर कोरा, निकाल पुरा, बोर्डाचा आम्ही मानतो तुरा!’ वर्तुळांतून हसू फुटले. सर्वात मोठ्याने हसला तो शिपाई, आणि मग त्याने हिशेबी सुरात विचारले, “चहाची वर्गणी कुणाकडे द्यायची?”