आव्याचे घर आणि विम्याचा कागद

घराचा विमा उतरवताना भराव्या लागणाऱ्या अर्जात एक प्रश्न ठरलेला असतो : या वास्तूचा उपयोग कशासाठी होतो? बहुतेकांना ‘राहण्यासाठी’ असे लिहायला क्षणभरही लागत नाही. ज्याच्या पडवीत चाक आणि परसात भट्टी आहे, त्याची लेखणी मात्र येथे अडते. पुणे-सातारा रस्त्यावरच्या, भोर तालुक्यातल्या कामथडीसारख्या गावी कोणी शहर सोडून मातीकामाचा स्टुडिओ थाटला, किंवा एखाद्या पिढीजात कुंभारघराने जुन्या आव्याच्या जागी विजेची भट्टी बसवली, तर दोघांनाही हा प्रश्न सारखाच अडवतो. प्रश्न दिसतो कारकुनी. पण घर आणि कारखाना या स्वभावतःच दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे गृहीत त्याच्या तळाशी आहे. त्या गृहीताला इतिहास आहे, आणि तो आपल्याकडच्या कुंभारघराचा इतिहास नव्हे. या विसंगतीचा थोडा मागोवा घ्यावा, असा आमचा येथे प्रयत्न आहे.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला कुंभाराचे घर प्रथम भेटते ते संतचरित्रांत. तेरच्या गोरोबांची कथा सर्वांना ठाऊक आहे : अंगणात चिखल तुडवताना ते भजनात तल्लीन झाले आणि रांगत आलेले मूल पायांखाली आले. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त राका कुंभाराची कथा आहे. मांजरीने कच्च्या मडक्यात पिले घातली होती. राकाने नकळत आवा पेटवला आणि मग पिलांसाठी त्याने देवाचा धावा केला. चरित्रकाराला अर्थातच भक्तीचा महिमा सांगायचा आहे, आणि दोन्ही कथांत शेवटी जीव वाचतात ते देवाच्या कृपेने. पण महिमा क्षणभर बाजूला ठेवून या कथा वाचल्या, तर त्यांतून एक वास्तू उभी राहते. तीत चिखल तुडवायची जागा आणि मुलाने रांगायची जागा एकच आहे. मांजरीला बाळंतपणासाठी आडोसा वाटतो तोच उद्या भाजायचा माल आहे. घर आणि काम यांच्यामध्ये भिंत असती, तर या कथा घडल्याच नसत्या. धोक्याची जाणीव या परंपरेला नव्हती असे कोणी म्हणू नये. ती जाणीव फार तीव्र होती; म्हणूनच त्या धोक्यावर उतारा म्हणून साक्षात देवाला यावे लागले.

देव न आला तर नुकसान कोण सोसणार, या प्रश्नाला गावगाड्याने आपले उत्तर दिले होते. बलुतेदारांच्या परिचित मांडणीत कुंभार मधल्या ओळीत येतो. त्याने वर्षभर घरोघर भांडी पुरवायची, लग्नकार्याला आणि अंत्यविधीला लागणारी मडकी द्यायची, आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा उचलायचा. हा वाटा मडक्यांच्या नगांवर मोजला जात नसे; म्हणून एखादा आवा कच्चा राहिला, पावसाने भिजला, तरी तत्त्वतः वर्षाचे बलुते तुटत नसे. या अर्थाने बलुते ही उपजीविकेची एक हमी होती. परंतु तिच्या मर्यादा विसरून तिचे गोडवे गाणे आम्हांला मान्य नाही. एक तर ती जातीला जखडलेली होती, आणि त्या जखडण्याची किंमत खालच्या पायरीवरच्या माणसाला काय द्यावी लागली, हे दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) मराठी वाचकाला कायमचे सांगून ठेवले आहे. दुसरे म्हणजे, दुष्काळात खळेच रिकामे राही. तेव्हा हमी देणारा आणि घेणारा एकदमच बुडत. सगळी जोखीम एकाच शिवारात असली की ती वाटून घेता येत नाही, हा विमाशास्त्राचा पहिला धडा गावगाड्याने आपल्या अपयशातून शिकवला आहे.

विमा आपल्याकडे अजिबात नव्हता, असेही नाही. तो होता रस्त्यावर. व्यापाऱ्यांच्या व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता : माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे, वाटेत गेला तर हुंडी बुडाली. ‘विमा उतरवणे’ या मराठी क्रियापदातही आम्हांला वाटसरूच्या डोक्यावरचे ओझे उतरवल्याचा भास होतो. वाटेवरच्या मालाला सावकार होता, घराला गाव होते. घराच्या आगीचा हिशेब पैशात मांडण्याची कल्पना आली ती दुसरीकडून.

ती आली लंडनहून, आणि तिचा उगम आमच्या विषयाशी विलक्षण जवळचा आहे. २ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनची मोठी आग लागली ती पुडिंग लेनमधल्या टॉमस फॅरिनर या भटारखानेवाल्याच्या घरात. खाली भट्टी, वर कुटुंबाची झोपायची जागा. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च जळाली. त्यानंतर निकोलस बार्बन याने १६८०-८१ च्या सुमारास घरांचा आगविमा विकायला आरंभ केला. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के, असा त्याचा दर होता. पुढे १७१० मध्ये स्थापन झालेल्या सन फायर ऑफिसने साधी, धोक्याची आणि दुहेरी धोक्याची अशी जोखमींची प्रतवारी रूढ केली. भिंत कशाची आहे एवढेच नव्हे, तर भिंतीआड काय चालते हेही आता विचारले जाऊ लागले. ज्या घरात भट्टी आहे त्या घराविषयीचा विमा कंपनीचा संशय असा तिच्या जन्माइतकाच जुना आहे.

याच परंपरेतला दुसरा धागा विश्वासाचा. १७६६ मध्ये ‘कार्टर विरुद्ध बोहम’ या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी असे तत्त्व मांडले की विमा हा परम सद्भावाचा करार आहे. जोखमीविषयी जे एकालाच ठाऊक आहे ते त्याने दुसऱ्यापासून लपवू नये. हा खटला सुमात्रातल्या बेन्कूलेन येथील किल्ल्याच्या विम्याचा होता. गंमत अशी की निकाल मात्र विमा उतरवणाऱ्या कार्टरच्या बाजूने लागला. कारण जे विमा देणाऱ्याला माहीत होते, किंवा माहीत करून घेता आले असते, त्याबद्दल त्याला नंतर तक्रार करता येत नाही. लपवू नये ही एक बाजू, आणि विचारून घ्यावे ही दुसरी. आपल्याकडे पहिली बाजू ग्राहकाला वारंवार ऐकवली जाते, दुसरी क्वचितच.

हिंदुस्थानात सर्वसाधारण विम्याची पहिली कंपनी ट्रायटन १८५० मध्ये कलकत्त्यात निघाली. कामथडीवरून जाणारा रस्ता ज्या साताऱ्याला पोहोचतो, तेथे १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी स्थापन झाली. म्हणजे विमा ही या रस्त्याला अनोळखी वस्तू नव्हती. पण तो माणसाच्या आयुष्याचा विमा होता. घरादाराचा विमा शहरांतल्या पेढ्या, गोदामे आणि गिरण्यांभोवतीच फिरत राहिला. १९७३ मध्ये १०७ विमा संस्था एकत्र करून चार सरकारी कंपन्या केल्या गेल्या, आणि आगविम्याचे दर व शब्द देशभर एका प्रशुल्काने बांधले गेले. २००१ च्या अखिल भारतीय अग्निविमा प्रशुल्कात राहती घरे, कचेऱ्या, दुकाने यांचा एक विभाग होता आणि उत्पादन करणाऱ्या कारखान्यांचा दुसरा. कुंभाराच्या अंगणासाठी तिसरा विभाग नव्हता.

त्या प्रशुल्काच्या प्रमाण विमापत्रातली दोन कलमे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या संहितेसारखी वाचावीत. पहिले कलम सांगते की एखादी वस्तू स्वतःच तापवण्याच्या किंवा वाळवण्याच्या प्रक्रियेतून जात असताना त्या प्रक्रियेमुळे तिचे नुकसान झाले, तर भरपाई नाही. आता मडके म्हणजे तापवण्याच्या आणि वाळवण्याच्या प्रक्रियेशिवाय दुसरे काय आहे? भट्टीतून निघालेल्या ठिणगीने छप्पर जळाले तर छपराचा विचार होईल. भट्टीत तडकलेले मडके हा कुंभाराचा आणि त्याच्या नशिबाचा प्रश्न. यात अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. जे भाजायलाच ठेवले आहे ते भाजताना फुटणे हा अपघात नसून धंद्याचा स्वभाव आहे. दुसरे कलम अधिक गंभीर आहे : वास्तूचा वापर असा बदलला की त्यामुळे जोखीम वाढते, आणि तो बदल कंपनीच्या संमतीने विमापत्रावर नोंदवला गेला नाही, तर त्या मालमत्तेवरचे संरक्षण थांबते. म्हणजे ‘राहते घर’ म्हणून विमा उतरवलेल्या घरात न सांगता भट्टी पेटवली, की हप्ते भरले जात असतानाही कागद निष्प्रभ होण्याचा धोका निर्माण होतो. आणि ते मालकाला कळते ते राख झाल्यावर.

१ एप्रिल २०२१ पासून चित्र काहीसे बदलले. राहत्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि एका ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशी प्रमाण विमापत्रे आली. गृह रक्षेत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामानाला आपोआप संरक्षण मिळते. पण ते घरगुती वापराच्या सामानाला. भाषा सोपी झाली, लहान उद्योगाला स्वतःचे नाव मिळाले, हे चांगलेच झाले. दुभंग मात्र राहिला. एकाच हाताने, एकाच मातीतून घडवलेली, एकाच भट्टीत भाजलेली दोन मडकी घ्या. एक माजघरात पाण्याला ठेवले, ते घरसामान. दुसरे ओटीवर विक्रीला ठेवले, तो व्यापारी माल. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर घरगुती, तोच भट्टीला जोडला तर नियमभंग. दुसऱ्या बाजूला, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभारकामासह १८ व्यवसायांना ‘कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय’ म्हणूनच मान्यता आहे. कर्ज देताना शासनाला घर आणि काम एकत्र दिसते. जोखीम मोजताना विम्याला ते वेगळे हवे असते.

या परिस्थितीत कारागिरापुढे मोह असतो तो गप्प राहण्याचा. भट्टी लहान आहे, हप्ता वाढेल, कशाला सांगा? आमच्या मते हे गप्प राहणे दुहेरी तोट्याचे आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ते संरक्षणाची मुळेच कापते. भट्टी विजेवर चालते की गॅसवर, ती घरापासून किती अंतरावर आहे, तयार माल कोठे ठेवला जातो, शिकायला विद्यार्थी येतात का, हे सर्व लेखी कळवावे आणि कंपनीची संमतीही लेखीच घ्यावी. घरासाठी एक आणि भट्टी, चाक, माल यांसाठी दुसरे, अशी दोन विमापत्रे घ्यावी लागली तर घ्यावीत. शिकायला आलेल्या माणसाला भाजले तर त्याचे दायित्व या दोहोंत आपोआप येईल असे मानू नये; त्याचा स्वतंत्र विचार करावा. आव्यातल्या पिलांची चिंता राकाला पडली होती. आजच्या भाषेत तिचे नाव त्रयस्थाविषयीचे दायित्व असे आहे.

दुसरा तोटा सांस्कृतिक आहे. जी भट्टी अर्जावर लिहिली जात नाही, ती कोणत्याच नोंदीत येत नाही. आणि जे नोंदीत नाही त्याच्यासाठी विभाग, दर किंवा कलम कधीच तयार होत नाही. प्रशुल्कात अंगणाला जागा नव्हती याचे एक कारण हेही असावे, की अंगणाने आपले म्हणणे त्या कागदापर्यंत कधी पोहोचवलेच नाही. तेव्हा ‘वास्तूचा उपयोग’ या प्रश्नापुढे अडलेल्या लेखणीने तेथे ‘राहण्यासाठी आणि मडकी भाजण्यासाठी’ असे लिहावे. रकाना अपुरा पडला, तर समासात लिहावे.