फुलं कशापायी वतली?

मुलीकडं गेंटला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. गेंट म्हणजे बेल्जियममधलं जुनं शहर, कालव्यांचं. तिच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात, माझ्याच वयाचे. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही. पातेली, पिंपं नि रबरी नळ्या. घरच्या घरी बिअर करायचा नाद. एका संध्याकाळी आम्हाला बोलावलं. "हॉप्स न घालता, नुसत्या रानपाल्यावर केलीय. ही दुसरी खेप. पहिली गटारात ओतली," ते म्हणाले. मुलगी मला मराठीत सांगत होती.

ग्लासात गढूळ तांबूस पेय, वर पातळसा फेस. "बाबा, आधी वास घ्या," मुलगी म्हणाली. वास कापराचा, थोडा निलगिरीचा. घोट घेतला तर बिअरचा ओळखीचा कडूपणा नाहीच. आधी गोडसर, मग आंबूस, शेवटी जीभ तुरट. अडुळशाच्या काढ्यात कुणी ताक ओतावं तसं. तोंड वाकडं झालं असणार, कारण बुवा हसले. पण दुसरा घोट बरा लागला, आणि तिसऱ्यानंतर मीच ग्लास पुढं केला.

त्यात दोन वनस्पती मुख्य. बॉग मर्टल म्हणजे दलदलीच्या काठचं झुडूप, पानं चुरली की घमघमतं. दुसरी यारो, पांढऱ्या तुऱ्याची, आपल्याकडं बांधावर तण माजावं तशी तिकडं उगवते. अशा पाल्याच्या मिश्रणाला ग्रुट म्हणत. हॉप्स हा भांगेच्या कुळातला वेल. तो बिअरमध्ये रुळण्याआधी कित्येक शतकं या मुलखात ग्रुटचीच बिअर प्यायली जाई.

बुवांनी पुढचं सांगितलं ते मला जास्त चढलं. हा पाला कुणीही उपटून पातेल्यात टाकावा, अशी मुभा नव्हती. ग्रुटचा हक्क राजाचा. राजानं तो बिशपांना, सरदारांना बहाल केलेला. दारू गाळणाऱ्यानं ग्रुट त्यांच्याच कोठीतून विकत घ्यायचं, आणि त्यात काय काय आहे ते गुपित. म्हणजे कर चुकवायला वावच नाही! दुसऱ्या दिवशी मुलीनं मला ब्रुजला नेलं. तिथं ग्रुटहाउसे नावाचा पंधराव्या शतकातला वाडा आहे, आता संग्रहालय. त्या घराण्याचं नावच या हक्कावरून पडलं. 1470 साली इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड गादी सोडून पळाला, तेव्हा त्याला आसरा दिला तो याच घरच्या लुईनं. पाल्याच्या पैशावर उभी राहिलेली ऐट! पुढं हॉप्स आले. त्यांनी बिअर जास्त टिकते, लांब पाठवता येते, म्हणून ग्रुट मागं पडलं. बव्हेरियात तर 1516 साली कायदाच झाला: बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नाही.

वाड्याच्या दगडी जिन्यावर मी टेकलो, आणि डोळ्यांपुढं आली ती आमची आजी. मुरबाडकडची.

मोहाचं झाड आमच्या परसात होतं. चैत्रात पहाटे फुलं टपटप गळत. आदल्या दिवशी खालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची, उजाडायला टोपल्या भरायच्या. फुलं वाळवून कणगीत ठेवायची. आषाढात भात संपलं की ती भाजून, उकडून खायची. मनुकेच जणू, पण धुराचा वास असलेले. त्यातलीच थोडी मडक्यात भिजत घालायची, बाभळीची साल टाकून. ती कशासाठी हे कुणी सांगत नसे.

1878 च्या अबकारी कायद्यानं इंग्रजांनी दारू गाळणं ठेकेदारांच्या हाती दिलं. तरी घरोघरची मडकी थांबेनात, म्हणून 1892 साली खास मोहाचा कायदा आला. तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी: फुलं गोळा करणं, बाळगणं, विकणं, सगळ्यावर निर्बंध. गोऱ्या शिपायांसाठी मात्र हॉप्स ठासून भरलेली बिअर जहाजांनी मुंबईत उतरत होती. स्वराज्य आलं, 1949 चा दारूबंदी कायदा आला. फुलं त्याच्याही तावडीतच राहिली.

1959 साली मी चौथीत होतो. शाळेत दारूबंदीवर भाषण झालं, आणि "कुणाच्या घरी गाळतात?" असं विचारल्यावर मी हात वर केला. शाबासकी मिळाली. चार दिवसांनी माणसं आली. मडकं फोडलं, बाटल्या नेल्या, आणि जाताना कणगी अंगणात पालथी केली. नुकताच वळीव पडून गेलेला. फुलं चिखलात तुडवली गेली.

आजी दंडाबद्दल बोलली नाही. "दारू न्यायची ती नेली, फुलं कशापायी वतली रं?" एवढंच म्हणाली, तेही माझ्याकडं बघत. तिला ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. त्या आषाढात आम्ही कंद उकडून खाल्ले.

निघण्याच्या आदल्या दिवशी बुवांना फक्त फुलांचं सांगितलं, हात वर केल्याचं नाही. त्यांनी वहीत बाभळीची साल लिहून घेतली आणि विचारलं, ते झाड अजून आहे का?

आहे. यंदाही वहिनीनं फुलं वेचली.